किल्डेअरला जायचं तर ३१ जानेवारीला

किल्डेअर हे आयर्लंडमधलं गाव, तिथली संत (सेंट) ब्रिजिड हिचा मठ इथलाच. आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडची सरकारी सुट्टी २०२३ पासून फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते (१ तारीख शुक्रवारी आली, तर त्याच दिवशी). त्या हिशेबाने तिकीट काढू नका. सण १ फेब्रुवारीचा आणि निम्म्याहून जास्त चालीरीती आदल्या संध्याकाळच्या. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून आम्ही किल्डेअरची गाडी धरली ती ३१ तारखेची, त्यामुळे ब्रिजिडचा क्रूस विणताना जवळून बघता आला.

क्रूस लव्हाळ्याच्या काड्यांचा. काड्या कापायच्या नाहीत, उपटायच्या. वीतभर लांबीच्या वीसेक पुरतात. एक काडी उभी धरायची, दुसरी मधोमध दुमडून तिच्यावर अडकवायची, टोकं उजवीकडे. मग सगळं डावीकडे पाव फेरा वळवायचं, म्हणजे ती टोकं वर येतात. आता तिसरी काडी त्या उभ्या टोकांवरून दुमडायची, टोकं पुन्हा उजवीकडे. असंच पुढे. एकदा जरी उलटं वळवलं की मधला चौकोन विस्कटलाच. शेवटी चारही हात दोऱ्याने बांधून टोकं कातरायची. काडी सुकली की बारीक होते, म्हणून प्रत्येक घडी मध्याकडे सरकवून घट्ट बसवायची. नाहीतर आठवड्याभरात क्रूस खुळखुळा होतो. शिळी काडी तर दुमडतानाच तडकते, विणायची ती ताजीच. क्रूस दारावर किंवा आढ्याला लावला की घराला आग लागत नाही, अशी समजूत.

त्याच रात्री कापडाची एक पट्टी खिडकीबाहेर किंवा झुडपावर ठेवतात. ब्रिजिड जाता जाता तिला हात लावते, मग ती डोकेदुखीवर वर्षभर वापरायची. काही घरांत पट्टी आधी मोजून ठेवत. सकाळी लांब भरली तर वर्ष चांगलं. रात्रभर दव पिऊन कापड सैल पडत असणार, पण हे तिथे बोलू नये!

१ तारखेला चाक फिरवायचं नाही, असाही जुना नेम होता: सूतकताई बंद, गाडी बंद. किल्डेअरला लागूनच मोटरवे आहे, त्यामुळे आता तो कोण पाळणार?

गावाबाहेर टलीला ब्रिजिडची विहीर आहे. तिथल्या झाडाला चिंध्या बांधलेल्या दिसतात. चिंधी पाण्यात बुडवून दुखऱ्या जागी लावायची, मग फांदीला बांधायची. ती कुजत जाईल तसं दुखणं ओसरतं म्हणे. म्हणजे नायलॉनची रिबीन बांधली तर हिशेबच चुकला. सुती चिंधी न्या आणि सैल बांधा, फांदीला काचायला नको.