मेलबर्नला माझ्या मुलीला स्वतःची सीट मिळाली

यंदा आयपीएलच्या सीझनची तिकिटं निघाली तेव्हा मी रात्री साडेअकराला ऑनलाइन रांगेत उभी होते आणि नंबर लागल्यावर पहिली ओळ दिसली ती अशी, की दोन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला वेगळं तिकीट घ्यावं लागेल. वेगळं म्हणजे पूर्ण. मोठ्यांचं जेवढं, तेवढंच. आमचा धाकटा आत्ताच तीनचा झालाय, तो तिसऱ्या ओव्हरला झोपणार हे सगळ्या घराला माहितीये, तरी त्याचे पैसे त्याच्या बाबाइतकेच. मी फोन बाजूला ठेवला आणि इतकी चिडले की तीन वर्षं लिहायचं राहून गेलेलं मेलबर्न आज लिहायला घेतलंय.

२०२२ च्या दिवाळीनंतर आम्ही दादाकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. ग्रेट ओशन रोड झाला, फिलिप आयलंडचे पेंग्विन झाले, फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यावर मला काही लिहायचं नाही. मला लिहायचंय ते ६ नोव्हेंबरच्या रविवारबद्दल, एमसीजीवरच्या, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरच्या, भारत-झिम्बाब्वे मॅचबद्दल आणि त्यातही मुख्य म्हणजे माझ्या मुलीच्या, ओवीच्या, ५ डॉलरच्या तिकिटाबद्दल.

त्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपला पहिल्या फेरीची आणि सुपर १२ ची, म्हणजे त्यापुढच्या बारा टीमच्या फेरीची, लहान मुलांची तिकिटं ५ डॉलरला होती, मोठ्यांची २० डॉलरपासून पुढे. दादानं फेब्रुवारीतच काढून ठेवली होती. पाकिस्तानची मॅच त्याला मिळाली नाही, ती काही मिनिटांत संपली म्हणे, ही मिळाली. फोनवर त्यानं मला सांगितलं, "ओवीचं पाच डॉलरला काढलंय," आणि मी लगेच विचारलं, "म्हणजे तिला मांडीवर घ्यायचं ना?" आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ तिकीट, पण गर्दी झाली की कंडक्टर आधी हाफवाल्याला उठवणार. रेल्वेत २०१६ पासून हाफ तिकिटावर बर्थच नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं. पैसे कमी दिले की जागा सोडायची, हे आपण लहानपणापासून शिकलोय. दादा म्हणाला, "अगं नाही, तिची सीट आहे, नंबरवाली." मला ते तेव्हा नीट पटलंच नव्हतं.

पाच डॉलर म्हणजे तेव्हाचे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. वर्ल्डकपची मॅच, भारताची, एमसीजीवर.

दादा राहतो मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात. तिथून ट्रेननं सदर्न क्रॉस स्टेशन, मग दुसरी ट्रेन पकडून मैदानाजवळचं रिचमंड. त्या दुसऱ्या ट्रेनमध्ये निळ्या जर्सीशिवाय काही दिसतच नव्हतं, ढोल होते, तिरंगे होते, आणि पोरं किती! कडेवरची, बाबागाडीतली, गालावर झेंडा रंगवलेली, आजीचं बोट धरून चाललेली. आपल्याकडच्या मॅचला जाताना एवढी लहान मुलं मी कधी बघितली नव्हती. सकाळीच ॲडलेडला नेदरलँड्सनं दक्षिण आफ्रिकेला १३ रननी हरवलं होतं, म्हणजे आपण सेमीफायनलला आधीच पोचलेलो, त्यामुळे कुणाच्याच जिवाला घोर नव्हता, नुसता सण चालला होता. वहिनीनं निघताना ओवीच्या मनगटावर बॉलपेननं स्वतःचा नंबर लिहिला, अगदी ठळक, दोनदा गिरवून. ती म्हणाली इथल्या सगळ्या आया करतात.

पर्समध्ये वहिनीनं धपाटे घेतले होते, सफरचंदं कापून डबा भरला होता, पाण्याची बाटली होती. मी गेटपर्यंत धास्तावलेली. कारण आपल्याकडे एका स्टेडियमवर माझ्या डोळ्यांसमोर एका बाईच्या पर्समधला मुलाचा बिस्किटपुडा ड्रममध्ये टाकला होता, पाण्याची बाटली तर विचारूच नका, आणि आत बिस्किटांशिवाय सगळं मिळत होतं. इथे घरचं खाणं आत नेता येतं. काच नको, कॅन नको, बाकी चालतं. सिक्युरिटीवाल्या बाईनं डबा उघडून बघितला, धपाटे बघून हसली, झाकण लावून परत दिला. झालं.

मग गेटवरचा तो माणूस. साठी ओलांडलेला असावा, डोक्यावर टोपी, हातात स्कॅनर. दादाच्या फोनमध्ये सगळी तिकिटं एकामागोमाग होती आणि दादा भराभर सरकवत होता. तेवढ्यात त्या माणसानं हात वर केला, खाली वाकला आणि ओवीला विचारलं, तुझं कुठलं? ती माझ्या मागे लपली. दादानं फोन तिच्या हातात दिला. तिच्या तिकिटावर चाइल्ड असं लिहिलेलं होतं, खाली रांग आणि सीटचा नंबर. तिनं दोन्ही हातांनी फोन धरून त्या मशीनखाली नेला, पहिल्यांदा वाकडा लागला, त्यानं तो जरा सरळ करून दिला, मग बीप वाजलं. तो तिला म्हणाला, एन्जॉय युअर गेम. तुमचा गेम नाही, तिचा. मागे एवढी मोठी रांग, ढोल वाजतायत, आणि त्या माणसाला अजिबात घाई नव्हती. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि दादा विचारत होता काय झालं म्हणून.

आत गेल्यावर ते मैदान पहिल्यांदा दिसतं तेव्हा माणूस थांबतोच. लाखभर लोकांची जागा आहे तिथे, त्या रात्री ८२,५०७ होते. आम्ही बरेच वर होतो, खेळाडू बोटाएवढे दिसत होते, पण वरून पूर्ण फील्डिंग कळते, मला ती जागा आवडली.

सीट मिटणाऱ्या होत्या. ओवीचं वजन एवढं कमी की ती मागे सरकून बसली की सीट तिला घेऊनच मिटायची, पाय वर आणि गुडघे हनुवटीला. शेवटी तिच्या मांडीवर आमची जॅकेटं आणि धपाट्यांचा डबा ठेवला तेव्हा कुठे ती सीट खाली टिकली. मी दोनदा म्हटलं, ये माझ्याजवळ. नाही म्हणाली.

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. सहाव्या-सातव्या ओव्हरला एक गृहस्थ आले, आपल्यातलेच, चांगले शिकलेले दिसत होते. त्यांच्या मित्राची सीट दुसऱ्या ब्लॉकला होती आणि त्यांना एकत्र बसायचं होतं. त्यांनी ओवीकडे बघितलंही नाही, मला म्हणाले, "बच्ची को गोद में ले लीजिए ना, छोटी है." मी उत्तर देणार, खरं तर सवयीनं मी जराशी सरकलेसुद्धा, तर ओवीनंच सांगितलं, "ये मेरी सीट है. मेरा टिकट है. मामा, दाखव." आवाज चढवून नाही, एकदम साधं. दादानं फोन काढला आणि तिचं तिकीट दाखवलं, चाइल्ड, रांग, नंबर. ते गृहस्थ सॉरी बेटा म्हणाले आणि गेले. सात वर्षांच्या मुलीला सॉरी म्हणाले! पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मागे वळून तिला टाळी दिली.

तिकीट स्वस्त असणं ही एक गोष्ट झाली. पण पैसे कमी आणि जागा पूर्ण, हे मी पहिल्यांदा बघितलं. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, पैसे पूर्ण घेतात आणि पुढचे लोक उभे राहिले की मूल शेवटी बाबाच्या खांद्यावरच जातं. नंबरच्या सीटवर तिसराच कुणी बसलेला असतो आणि तो म्हणतो, बसा की कुठेही.

मॅचचं म्हणाल तर सूर्यानं, म्हणजे सूर्यकुमार यादवनं, २५ बॉलमध्ये ६१ केल्या. ऑफच्या बाहेरचा बॉल, हा माणूस जवळजवळ आडवा पडून तो फाइन लेगवरून सिक्स मारतो, आमच्या ब्लॉकमध्ये लोक एकमेकांच्या अंगावर पडले. ओवीला सीटवरून उतरताना परत सीट मिटली, ती हसत सुटली. मग भुवीनं, म्हणजे भुवनेश्वर कुमारनं, पहिल्याच बॉलला विकेट काढली, कोहलीचा कॅच. ७१ रननी जिंकलो. तोवर गार वारा सुटला होता, धपाटे संपले होते, ती शेवटपर्यंत जागी होती.

हे ऑस्ट्रेलियावालेच करतात असंही नाही. इंग्लंडमध्ये द हंड्रेड ही शंभर बॉलची स्पर्धा सुरू झाली तेव्हा सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना ५ पौंड, त्याखालच्यांना फुकट. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला तर काही खेळांसाठी मुलांनी आपल्या वयाएवढे पौंड द्यायचे अशी योजना होती, सहाच्या मुलाला सहा पौंड. किती सुंदर कल्पना! एवढ्याशा मुलाला त्याचा अर्थ कळतो, त्याचं वय हीच त्याची किंमत. आपल्याकडे एवढा पैसा आहे क्रिकेटमध्ये, एखादा फॅमिली ब्लॉक ठेवायला, त्यात मुलांची तिकिटं शंभर-दोनशेला द्यायला काय अडचण आहे मला खरंच समजत नाही. आज जो सात वर्षांचा पोरगा स्टेडियमवर येणार नाही तो सतराव्या वर्षी मोबाइलवर हायलाइट्स बघेल, संपला विषय.

आणि जमतं हो आपल्याकडेही. २०२५ च्या महिला वर्ल्डकपची तिकिटं १०० रुपयांपासून होती. आम्ही नवी मुंबईत डीवाय पाटील स्टेडियमला न्यूझीलंडची मॅच बघितली, स्मृती मानधना आणि प्रतिका रावल दोघींची शतकं, मध्ये पाऊस, आणि आजूबाजूला नुसत्या शाळकरी मुली, दोन वेण्यांवर निळी टोपी. वेगळं मुलांचं तिकीट तिथेही नव्हतं, पण शंभर रुपयांत कुणी हिशोब करत नाही, धाकट्यालासुद्धा त्याच्या सीटवर बसवलं आणि तो तिथेच झोपला.

तर यंदाची ती तिकिटं आम्ही घेतली नाहीत. चौघांची पूर्ण किंमत लावून आकडा आला तो बघून नवरा म्हणाला एवढ्यात कोकणात दोन दिवस जाऊन येऊ. त्याऐवजी पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमला रणजीची मॅच लागली की दोघांना घेऊन जाणार आहे, तिथे तिकीटच लागत नाही. ओवीनं आत्ताच विचारून ठेवलंय, तिथे सीटला नंबर असतो का?