मधमाश्यांसाठी झाडे निवडताना पावसाळ्याचा विचार

गुहागरजवळच्या आमच्या आगरात सातेरी या देशी जातीच्या मधमाश्यांची पेटी ठेवायचे ठरले, तेव्हा सर्वांत आधी विचार करावा लागला तो त्यांच्या खाद्याचा. सातेरी माशी चाऱ्यासाठी फार लांब जात नाही, साधारण किलोमीटरभराच्या परिसरातच तिचा वावर असतो; त्यामुळे घराभोवती आणि शेजारच्या आगरांत काय फुलते यावरच पेटीचे भवितव्य ठरते. कोकणात जानेवारीपासून मेपर्यंत ही काळजी करावी लागत नाही, कारण काजू, जांभूळ, करंज हे सारे एकापाठोपाठ फुलत जातात. खरा प्रश्न जूनमध्ये सुरू होतो. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. झडीत माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि जी थोडी फुले उमलतात त्यांतला मध व पराग पाण्याने धुऊन जातो. अशा उपासमारीत वसाहत दुबळी होते, पोळ्यांना मेणकिडा लागतो आणि कित्येकदा माश्या पेटी सोडून निघून जातात.

म्हणून रोपवाटिकेत जाण्यापूर्वी मी एका वहीत महिन्यांचे रकाने आखले आणि जे झाड आगरात आधीच होते ते त्याच्या फुलण्याच्या महिन्याखाली लिहीत गेले. या वहीमुळे नारळाकडे मी नव्या नजरेने पाहू लागले. चांगल्या पोसलेल्या माडाला जवळजवळ दर महिन्याला नवी पोय, म्हणजे फुलोरा, फुटते, आणि पोय उकलली की तिच्यातली नरफुले सुमारे २० दिवस क्रमाक्रमाने उमलत राहतात. त्यामुळे पावसाने उघडीप दिली की माश्यांना बाराही महिने हमखास पराग देणारे आमच्याकडचे झाड माडच ठरले. वहीत जुलै ते ऑक्टोबर हे रकाने मात्र बाकी सगळे कोरे होते, आणि खरेदी करायची ती एवढ्यासाठीच, हे माझ्यापुरते निश्चित झाले.

रोपवाटिकेतल्या बाईंनी आपुलकीने पुढे केली ती भरगच्च पाकळ्यांची जास्वंद, टपोरे गुलाब आणि बोगनवेल. अशा दुहेरी फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. पराग जवळपास नसतो आणि जो काही मध असेल तिथपर्यंत माशीला पोहोचता येत नाही. रातराणी उमलते तेव्हा माश्या पेटीत परतलेल्या असतात. ही झाडे सुंदर आहेत आणि ज्याला हवी त्याने ती जरूर लावावीत, परंतु माश्यांचे पोट त्यांवर भरत नाही. पिचकारीचे झाड मात्र मी ठामपणे नाकारले, कारण त्याच्या फुलांत लहान माश्या मरून पडलेल्या आढळतात.

उपयोगी पडली ती बहुतेक गावठी रोपे, आणि त्यांसाठी पैसे फारसे मोजावेच लागले नाहीत. पावसाबरोबर कुंपणाकडेला आपोआप उगवणारा एकेरी तेरडा पूर्वी आम्ही गौरीच्या वेळी सरसकट उपटत असू. आता पूजेपुरता घेऊन बाकीचा ताटवा तसाच राखतो. तेरड्याच्या फुलात माशी आत शिरते तेव्हा वरचे परागकोश तिच्या पाठीला घासतात आणि ती बाहेर येते ती पाठीवर पांढऱ्या पिठाचा पट्टा घेऊन. पेटीच्या दारात बसून पाहिले तर तेरड्यावरून आलेली माशी या खुणेवरून लगेच ओळखू येते, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास अशा माश्या दारात सारख्या येताना दिसतात.

मांडवावरच्या वेलींची निवडही याच दृष्टीने केली. दुधी, पडवळ आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे भाजी म्हणून ती हवीतच, पण माश्यांच्या हिशेबात धरता येत नाहीत. तवसे, कारले आणि लाल भोपळा यांची फुले सकाळी उघडी असतात. भोपळ्याचे फूल तर पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते, तेव्हा सकाळी पाऊस थांबला की माश्या प्रथम तिथे जातात. शिवाय या वेलींत नर आणि मादी फुले वेगळी असल्याने त्यांच्या येण्यानेच फळ धरते.

वरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, तुकड्यात कारळा पेरला. त्याची पिवळी फुले पाऊस ओसरताना येतात आणि वसाहत पुन्हा उभी राहायला नेमकी तेव्हाच मदत होते. तुळशीच्या मंजिऱ्या आम्ही नेहमी खुडतो. वृंदावनातली तुळस सोडून परड्यातल्या तुळशी आता न खुडता फुलू देतो. शेवगा, कढीपत्ता, लिंबू आहेतच. नवीन काही लावायचे तर एकेक रोप इकडे-तिकडे न लावता एका जातीचा वाफाच करावा, असे माझे मत झाले आहे, कारण माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर काम करते.

एवढे करूनही सलग झडीत बागेवर भिस्त ठेवता येत नाही. त्या दिवसांत एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवून तो पाक संध्याकाळी पेटीच्या आतच ठेवते, म्हणजे दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येत नाहीत.

फुलांइतकेच महत्त्व फवारणीला आहे. शेजारच्या आबांच्या हापूसवर मोहोराच्या काळात तुडतुड्यांसाठी औषध मारावे लागते, त्यामुळे मी त्यांच्याशी आधीच बोलून घेतले. "बाय, फवारणी चुकायची नाही, पण आदल्या दिवशी सांगेन आणि ऊन उतरल्यावरच पंप काढेन," असे त्यांनी सांगितले आणि ते पाळले. त्यांचा निरोप आला की फवारणीच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्या माश्या परतल्यावर, मी पेटीच्या दाराला जाळी लावते, पेटी सावलीत राहील आणि हवा खेळेल याची खात्री करते, आणि फवारणीच्या दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर दार मोकळे करते.