रस्टने लावलेली सवय

"रस्ट शिकल्यापासून तुम्हाला दुसऱ्या भाषेत कोड लिहायला नको वाटतं, ते का?" टीममध्ये नवीन आलेली मुलं हे हमखास विचारतात. वेगामुळे असेल, असा त्यांचा अंदाज असतो. वेग आहेच, पण माझं कारण वेगळं आहे.

ते सांगतो. आधीच्या नोकरीत ऑर्डरच्या तीन स्थिती होत्या: नोंदवली, पाठवली, पोचली. कोड जावाचा. त्यात 'परत आली' ही चौथी मी घातली. शोधशोधून बदल केले, टेस्टही पास झाल्या. महिनाअखेरच्या हिशेबातलं एक स्विच, म्हणजे स्थिती पाहून पुढची वाट ठरवणारा कोड, मात्र नजरेतून सुटलं. ते नवी स्थिती गुपचूप डीफॉल्टमध्ये, म्हणजे 'बाकी सगळं'च्या वाटेवर, ढकलत राहिलं आणि परत आलेल्या मालाचे पैसे विक्रीत धरले गेले. चूक पकडली ती हिशेब बघणाऱ्या मॅडमनी. त्या दिवशी मला फार लागलं.

पुढे रस्टमध्ये तसंच काम आलं. एनममध्ये, म्हणजे स्थितींच्या ठरलेल्या यादीत, एक ओळ वाढवली, बिल्ड केलं, आणि कोड तपासून यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर अडला. एरर ई०००४: मॅचमध्ये (रस्टमधल्या स्विचमध्ये) एक शक्यता राहिली आहे. फाइल कुठली, ओळ कितवी, राहिलेल्या शक्यतेचं नाव काय, सगळं समोर. अशा नऊ जागा निघाल्या, त्यातल्या दोन माझ्या ध्यानीमनीही नव्हत्या. फक्त मॅचच्या शेवटी 'बाकी सगळं' म्हणून अंडरस्कोर टाकायचा नाही. टाकलात की ही राखण गेली. रिव्ह्यूमध्ये मी त्यावर अडून बसतो ते यासाठी.

नलचंही तसंच. नल म्हणजे 'इथे काहीच नाही' ही खूण. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल आणला आणि २००९ मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. ग्राहकाचा ईमेल नसू शकतो? मग रस्टमध्ये तो ऑप्शनमध्ये, म्हणजे 'असेल किंवा नसेल' अशा डबीत, ठेवावा लागतो, आणि ऑप्शन उघडल्याशिवाय आतली स्ट्रिंग हाती येत नाही. जावातही २०१४ पासून ऑप्शनल आहे, पण ते ऑप्शनल स्वतःच नल असू शकतं! मग भरवसा कशावर ठेवायचा?

हे रस्टचं स्वतःचं डोकं नव्हे. एमएल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या घराण्यात ते आधीपासून होतं. रस्टचा पहिला कंपायलरही त्याच घराण्यातल्या ओकॅमलमध्ये लिहिलेला. २०२३ च्या जावा २१ मध्ये स्विच सील्ड टाइपच्या (ज्याचे प्रकार आधीच ठरलेले असतात अशा टाइपच्या) सगळ्या शक्यता तपासून घेतो, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

परवा पायथनमध्ये वीस ओळींची स्क्रिप्ट लिहायची होती. दुसऱ्याचं एक फंक्शन वापरताना हात थबकला: हे कधी नन (पायथनमधला नल) परत देईल का? नावावरून कळेना. ते उघडलं, त्यातून बोलावलेलं पुढचं उघडलं, मग त्याच्याही पुढचं. चौथ्या फाइलमध्ये एका इफच्या आत ते नन सापडलं.