‘आता तर महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकेच पैसे मिळतात ना?’

नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

सारखी झाली ती मॅच फी. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयनं ठरवलं, की कसोटीला 15 लाख, वनडेला 6 लाख, टी-ट्वेंटीला 3 लाख, बाई असो वा पुरुष. निर्णय मोठाच होता. पण मॅच फी मिळते ती सामना खेळला तर. नोव्हेंबर 2014 नंतर आपल्या महिला संघाला पुढची कसोटी मिळाली ती थेट जून 2021 मध्ये. ज्या 2022 साली फी सारखी झाली, त्या अख्ख्या वर्षात त्या एकही कसोटी खेळल्या नाहीत. 15 लाख कागदावरच राहिले.

खरी दरी वार्षिक करारात आहे. 2024-25 च्या करारांत महिलांची सर्वांत वरची श्रेणी 50 लाखांची, पुरुषांची 7 कोटींची. पुरुषांची सर्वांत खालची श्रेणीही 1 कोटीची, म्हणजे महिलांच्या वरच्या श्रेणीतल्या स्मृती मानधनाच्या दुप्पट. करार महत्त्वाचा अशासाठी, की गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर सहा-नऊ महिने मैदान बंद होतं. तेव्हा मॅच फी शून्य. घर चालतं ते करारावर.

देशांतर्गत क्रिकेटमध्येही हाच हिशेब. डिसेंबर 2025 मध्ये महिलांच्या एकदिवसीय सामन्याचे 20 हजारांचे 50 हजार झाले. पुरुषांच्या रणजी स्पर्धेतल्या नवख्याला दिवसाला 40 हजार मिळतात, म्हणजे दर बाईचाच जास्त. पण रणजीच्या साखळीत चार दिवसांचे सात सामने, एकूण 28 दिवस, 11 लाख 20 हजार. महिलांच्या वनडे साखळीत सात सामने धरले तर साडेतीन लाख. म्हणून मागणी दराबरोबर दिवसांचीही करायला हवी.

आता आपल्या हातातलं. गावोगावच्या कबड्डी स्पर्धेत पुरुष गटाला 51 हजार आणि महिला गटाला 21 हजार असा फलक लागतो. कारण विचारलं की ‘त्यांचा सामना तीस मिनिटांचा, यांचा चाळीस’ असं ऐकवतात. विम्बल्डनला महिला तीन सेटचा सामना खेळतात, पुरुष पाच सेटचा, तरी 2007 पासून बक्षीस सारखंच आहे. मंडळाला नवा पैसा उभा करावा लागत नाही. 51 आणि 21 मिळून 72 होतात, 36-36 करा. देणगीदाराकडून रक्कम ‘पुरुष गटासाठी’ म्हणून घेऊच नका, संपूर्ण स्पर्धेसाठी घ्या. पावतीवर गट लिहिला गेला, की नंतर वाटणी बदलता येत नाही.

वेळापत्रक तर बक्षिसाइतकंच महत्त्वाचं. महिलांची फायनल सकाळी अकराला रिकाम्या मैदानावर उरकली, की पुढच्या वर्षी ‘त्यांना प्रेक्षक नसतात’ म्हणायला मंडळ मोकळं. पण त्यांना गर्दी मिळू दिलीच कुठे? संध्याकाळी दिव्यांखाली एक सामना महिलांचा, एक पुरुषांचा असे आलटून पालटून लावा, म्हणजे एकाच गर्दीसमोर दोघं खेळतील. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आणि पाणी असलेलं शौचालय हवं. नाहीतर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत पोटऱ्यांत गोळे येतात. बक्षिसाची रक्कम प्रत्येक खेळाडूच्या बँक खात्यात भरा, आणि खाते क्रमांक प्रवेश अर्जावरच मागून घ्या.