सव्वा सेकंद

पेटी अजून माझ्या टेबलावर आहे. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची, लेझरवर कापलेली, कडा जळून तपकिरी झालेल्या. सबमिशन झालं की मुलं आपापले प्रोटोटाइप घेऊन जातात. ही कुणी नेली नाही, आणि मीही आठवण केली नाही.

विषय होता ‘भावना आणि इंटरॅक्टिव्हिटी’. पहिल्या आठवड्यात मी हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांची १९४४ची छोटी फिल्म दाखवते. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, दार असलेला एक चौकोन, बस. संपेपर्यंत वर्ग मोठ्या त्रिकोणाला शिव्या घालायला लागलेला असतो. जीव आहे असं वाटायला चेहरा लागत नाही, हालचाल पुरते, हे त्यातून कळावं. तरी पुढच्या आठवड्यात स्केचं येतात ती दोन डोळे आणि एक हसू घेऊनच. यंदा पाच गटांपैकी चार.

पाचवा गट दोन मुलींचा. त्यांची पेटी हात जवळ नेला की झाकण बोटभर उघडायची, हात काढला की मिटायची. आत आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, झाकण हलवणारी एक छोटी मोटर म्हणजे सर्व्हो, आणि सगळं चालवणारा आर्डुइनो बोर्ड. हे सेन्सर चंचल असतात, मध्येच भलतंच अंतर सांगतात. म्हणून त्यांनी वीस रीडिंग घेऊन सरासरी काढली होती. दोन रीडिंगमध्ये ६० मिलिसेकंद सोडावे लागतात, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतो. साठ गुणिले वीस, म्हणजे १.२ सेकंद. हात नेल्यावर जवळजवळ सव्वा सेकंद पेटी गप्प.

मध्यावधी रिव्ह्यूला शेजारच्या वर्गातली मुलं येऊन ती हाताळत होती. हात नेत, काही होत नसे, आणि हात तिथेच थांबे. मग झाकण किंचित उचललं जाई. एक मुलगा हळू आवाजात म्हणाला, “घाबरू नकोस गं.” पेटीला! मी ते ऐकलं, हसले, आणि वहीत लिहिलं: ‘प्रतिसाद फार संथ. दुरुस्त करा.’

मला माझ्या विषयातले आकडे पाठ आहेत, हीच अडचण. संगणकाने किती वेळात उत्तर द्यावं याबद्दल १९६८मध्ये संशोधक मिलरने मांडलं आणि पुढे वापरसुलभतेचा तज्ज्ञ नील्सनने पसरवलं ते: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, १ सेकंदाच्या पुढे विचाराची लय तुटू लागते. त्या दोघींतली एक म्हणाली, “पण मॅडम, लोक थांबतायत.” मी म्हणाले, थांबतायत म्हणजेच डिझाइन अडतंय.

त्यांनी वीसाचे तीन केले. रीडिंग थरथरू नयेत म्हणून सेन्सरभोवती फोमची कड लावली, अंतराचे उंबरठे दोन ठेवले, उघडायचा वेगळा, मिटायचा वेगळा. काम खरंच नीटस होतं, अशी शिस्त पदवीच्या मुलांत क्वचित दिसते. फायनल ज्युरीला झाकण हाताबरोबर उघडू लागलं. लोकांनी दोनदा हात हलवला, “अच्छा, सेन्सर आहे,” म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले.

पुढच्या टेबलावर गर्दी होती. तिथल्या गटाने बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली होती आणि आलेखातल्या प्रत्येक उंचवट्यावर ‘आनंद’ लिहिलं होतं. घाम फक्त उत्तेजना सांगतो, सुखाची की दुःखाची ते सांगत नाही, आणि तीही एक ते तीन सेकंदांनी. ते उंचवटे बहुधा सर्व्होच्या किरकिरीला दचकून आलेले. बाहेरच्या परीक्षकांना आलेख फार आवडला. आलेख दिसला की परीक्षक विरघळतात, हे मुलांना पहिल्या वर्षापासून माहीत असतं.

पेटीच्या गटाने दोन्ही वेळा फॉर्म भरून घेतले होते. भावना मोजायची, मानसशास्त्रज्ञ ब्रॅडली आणि लँग यांच्या १९९४च्या लेखातली चित्रं: सुखद की नकोसं, शांत की उत्तेजित, ठेंगण्या माणसांच्या रांगेत खूण करायची. नव्या, वेगवान पेटीला सुखदपणात थोडे जास्त गुण मिळाले. त्यांनी निष्कर्षात लिहिलं, ‘अनुभव सुधारला.’ फॉर्मच्या हिशेबाने बरोबरच. हात किती वेळ थांबला, आवाज कुणी खाली आणला, याला फॉर्ममध्ये चित्र नव्हतं. माझ्या रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण द्यायच्या तक्त्यातही, नव्हतं. ‘प्रतिसादाची तत्परता’ होती, दहा गुणांना. मी दहापैकी नऊ दिले.

गुण भरून झाल्यावर कोड उघडला. जुनी ओळ त्यांनी पुसली नव्हती, कॉमेंट करून, म्हणजे चालणार नाही अशी खूण करून ठेवली होती, शेजारी लिहिलं होतं: ‘मॅडम म्हणाल्या म्हणून’.

तीनच्या जागी वीस टाकून पाहिलं. मग चाळीस. चाळीसला पेटी बिघडल्यासारखी वाटते, निदान मला. पण मला सगळं माहीत असताना माझ्या हाताचं काय घ्यायचं? पुढच्या बॅचला सहा, बारा, वीस, तीस असे चार आकडे देऊन बसवीन म्हणते, आणि फॉर्मऐवजी फक्त हातांचं चित्रीकरण. त्या दोघींना विचारायला हवं, पेटी वापरली तर चालेल का. अजून विचारलेलं नाही.