नांदुरीच्या पायथ्याशी

"दादा, ब्रेक दाबतोय, पण गाडी थांबतच नाही."

सप्तशृंगी गडावरून स्कूटरवर उतरलेला मुलगा आज नांदुरीत सांगत होता. मागे आई बसलेली. मागच्या चाकातून जळका वास. पेट्रोल वाचावं म्हणून अख्खा घाट चावी बंद करून उतरला होता.

तो वास अजून डोक्यातून जात नाहीये.

चावी बंद म्हणजे हॉर्नही बंद, आणि इंजिनचा आधारही गेला. स्कूटरला गिअर नसले तरी चालू इंजिन उतारावर गाडी थोडी धरून ठेवतं. वेग फार कमी झाला की क्लच, म्हणजे इंजिन आणि चाक जोडणारा भाग, सुटतो, गाडी मोकळी पळते. किंचित रेस दिली की परत धरतो. हे कुणी शिकवतच नाही!

ब्रेक सतत घासत ठेवला की ड्रम, म्हणजे चाकातला ब्रेकचा गोल डबा, तापतो, आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरची पकड जाते. वळणाआधी, गाडी सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक दाबून वेग १५-२० वर आणा. वळणात फक्त मागचा, तोही हलका. नजर वळणाच्या पलीकडे. उजवं वळण कापू नका, समोरून एसटी येते.

वास आला तर थांबा, ड्रम आपोआप गार होऊ द्या. पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.

तुमच्या घरातलं कोण चावी बंद करून घाट उतरतं? विचारलंय कधी?