गच्चीवरची पहिली भाजी

भाजी लावायची ठरली की बहुतेक जण आधी नर्सरीतून टोमॅटो नि ढोबळी मिरचीची रोपं आणतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी स्वयंपाकघरातले डबे उघडा. मेथीदाणे, धणे, कोंब आलेल्या लसणाच्या पाकळ्या, पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या, एवढ्यावर आमची पुण्यातली चौथ्या मजल्यावरची गच्ची सुरू झाली, दिवाळीनंतरच्या थंडीत. मेथी तीन-चार दिवसांत वर येते आणि महिनाभरात खुडता येते. ज्याने आजवर काहीच पेरलेलं नाही त्याला इतक्या लवकर हिरवं दिसणं फार गरजेचं असतं. कोथिंबिरीला धीर लागतो. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "अगं, धणे चपलेखाली रगड, फाका झाल्या की मग पेर." एका धण्यात दोन बिया असतात, त्या अशा सुट्या होतात. तरी उगवायला आठ-दहा दिवस जातातच.

गच्चीवर नुसती माती भरू नका. ओली माती स्लॅबला जड होते आणि कुंडीत घट्ट बसते. आमच्या रस्त्यावर वर्षावृक्षांची पानं ढिगाने गळतात आणि ती जाळताना पाहिली की जीव तुटतो. मी ती पोत्यात भरून आणते. जुन्या क्रेटमध्ये पाचोळा, थोडं शेणखत, भाज्यांची सालं, मूठभर माती, पुन्हा पाचोळा असे थर द्यायचे, वरून आंबट ताकाचं पाणी शिंपडायचं आणि ओल टिकवायची. काही महिन्यांत तो ढीग निम्म्याहून खाली बसतो, काळा आणि भुसभुशीत होतो.

पालेभाजीवर हात बसला की पावसाच्या तोंडावर दुधी लावा. माझा सगळ्यात लाडका वेल हाच. बी रात्रभर भिजवून मोठ्या ड्रममध्ये टोचायचं आणि मांडवाला दोर बांधून द्यायचे. वेल चांगला वाढला की शेंडा खुडावा, कारण मादी फुलं जास्त करून बाजूच्या फांद्यांवर येतात. सुरुवातीला नुसती नर फुलं येतात, लांब देठांची, आणि ती गळतात. यात काही बिघडलेलं नसतं. मादी फुलाच्या मागे इवलासा लवदार दुधी आधीच असतो, त्यावरून ते ओळखायचं.

दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि परागीभवन बरंचसं रात्रीच्या पतंगांकडून होतं. चौथ्या मजल्यावर पतंग फारसे फिरकत नाहीत, म्हणून दिवेलागणीनंतर मी स्वतः वर जाते. ताजं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एवढंच. फळ धरलं तर दोन-तीन दिवसांत तो इवला दुधी फुगू लागतो, नाहीतर पिवळा पडून सुकतो. पुढे साधारण पंधरवड्यात, सालीत नख सहज रुतत असतानाच, तो काढावा.

एक गोष्ट मात्र अगदी जपून. कापल्यावर दुधीचा छोटा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो अख्खा दुधी फेकून द्या. शिजवला तरी त्यातलं विष जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलेली आहेत. घरच्या वेलाचा आहे म्हणून त्याला सूट देऊ नका.